परवानगीच्या टेबलावर बसवण्याआधी शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या शेजारणीचे घर ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात अर्धे कोसळले. दापोली तालुक्यात त्या दिवशी ज्यांची कौले उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, त्यांतलीच ती एक. पडके घर उतरवून त्याच जागी नवे बांधायचे ठरले आणि २०२२ मध्ये तिने परवानगीसाठी अर्ज केला. त्यानंतर परवानगीच्या टेबलावर तीन माणसे बदलली. पहिल्याने सांगितले, सातबारा सामाईक आहे, सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. चौदा नावे, त्यांतली नऊ मुंबईला, दोघे वारलेले आणि वारसनोंद राहिलेली. ती संमती जमेपर्यंत दुसरा आला. त्याला खाडीपासूनचे अंतर दाखवणारा मोजणी नकाशा हवा होता. तोही तिने करून आणला. तिसऱ्याने शेरा मारला की प्रकरण मुंबईला, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावे लागेल.

घर आहे ११० चौरस मीटरचे. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणानेच मंजुरी द्यायची, त्यासाठी राज्याच्या प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, असे किनाऱ्याजवळच्या बांधकामांचे नियम घालणाऱ्या केंद्राच्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत लिहिलेले आहे. स्थानिक कार्यालयाने अधिसूचनेतल्या बाकीच्या तरतुदी तपासायच्या, एवढेच.

तिघांपैकी एकानेही पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम लिहिते. फाइल अडली की लोक लगेच चिरीमिरीचा अर्थ काढतात. मी स्वतः ३१ वर्षे महसुलात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि माझे निरीक्षण वेगळे आहे. ज्याला काम कळत नाही तो फाइल परत पाठवतो, कारण परत पाठवण्यात त्याला धोका नसतो. सही करण्यात असतो. ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळावी यासाठी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, दिरंगाई केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे अर्जात काय कमी आहे हे कळवणारे एक त्रुटीपत्र काढले की टेबल मोकळे.

त्या टेबलावरचा तिसरा कर्मचारी म्हणजे लातूरकडचा एक मुलगा. मी शेजारणीबरोबर गेले तेव्हा उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि हळूच विचारले, "मॅडम, भरतीरेषा म्हणजे रोजच्या भरतीची की मोठ्या?" मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटले. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती उच्चतम भरतीरेषा, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. प्रत्यक्ष मोजताना रेषा मंजूर नकाशावरचीच धरायची हे खरे, पण उधाण पाहिलेच नसेल तर नकाशावरची रेघ ही नुसती रेघ राहते. त्यातून आकडे बदलते. खाडीकाठी भरतीरेषेपासून किती अंतरापर्यंत निर्बंध, तर २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते; २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. समुद्राकडचा हिशेब वेगळा, दाट वस्तीच्या गावांचा आणखी वेगळा. त्याच्याआधीच्या माणसाला यातले बरेच ठाऊक होते, पण तो बदलून गेला त्या संध्याकाळी चाव्या आणि नस्त्यांची यादी देऊन गेला. सोबत बसून काम समजावले नाही, कारण तशी पद्धतच उरलेली नाही.

भरती होते, नाही असे नाही. तलाठ्यांच्या २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा २०० गुणांची: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी-अंकगणित, प्रत्येकी ५० गुण. एवढ्या गर्दीतून निवडून आलेली मुले हुशार असणारच. पण नकाशा वाचणे, सामाईक जमिनीची खातेफोड (हिस्से वेगळे करणे) समजणे, जागेवर जाऊन पाहणी लिहिणे हे त्या परीक्षेत येत नाही. ते नंतर शिकवावे लागते. मी १९८० च्या दशकात लागले तेव्हा पहिले सहा महिने एका जुन्या कारकुनांच्या शेजारी बसले होते. ते टिपणी लिहीत, मी वाचत असे. मग मी लिहायची, ते खोडायचे. दुय्यम सेवा या खात्याच्या परीक्षेने मला कलमे शिकवली, काम त्यांनी शिकवले. आता जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, मग नवा माणूस रुजू झाल्याच्या दिवशीच त्याच्यावर दुसऱ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार पडतो. नियम खरोखर माहीत असतो तो कंत्राटी संगणकचालकाला, आणि कंत्राट संपले की तोही जातो.

बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात तीन वर्षांचा कालावधी आहे आणि त्याच कायद्यात फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये असेही आहे. माझी विनंती आहे की बदलीच्या आदेशातच, किमान परवानगीच्या टेबलांसाठी, जुना आणि नवा कर्मचारी पंधरा दिवस एकत्र बसतील अशी अट घालावी. किनारी तालुक्यांत नेमणूक झालेल्याला भूमी अभिलेख आणि नगर रचना विभागाच्या माणसांबरोबर आठवडाभर गावांत फिरवावे, त्यातला एक दिवस अमावास्येच्या उधाणाचा असावा. आणि त्रुटी काढायच्या त्या एकदाच, सगळ्या एका पत्रात. हे शेवटचे तर उद्यापासून करता येईल, त्याला एक रुपयाही लागत नाही.

दापोलीत माझ्यासारखे आणखी दोघे निवृत्त सहकारी आहेत, त्यांतले एक मोजणीचे. दर बुधवारी सकाळी दोन तास नव्या मुलांसोबत विनामूल्य बसायची आमची तयारी आहे. कार्यालयाने बोलवावे.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून
दापोली, जि. रत्नागिरी