मित्राला पुढे करणाऱ्या स्टीव्ह गुडमन यांना

प्रिय स्टीव्ह गुडमन,

सप्रेम नमस्कार.

२० सप्टेंबर १९८४ ला सिॲटलमध्ये तुम्ही हे जग सोडून गेलात, तेव्हा तुमचं वय ३६ होतं आणि मी नाशिकला शाळेत शिकत होतो. तुम्ही लिहायचात आणि गायचात तसली अमेरिकेतली फोक (लोकगीतांच्या वळणाची) आणि कंट्री (तिथल्या ग्रामीण ढंगाची) गाणी आमच्या घरापर्यंत पोचलेली नव्हती. आज मी तुमच्याच शिकागोच्या एका उपनगरात राहतो. माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात तुमचा आम्हा दोघांना फार आधार झाला, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहितो आहे. सर्वांसमोर लिहितो आहे ते मुद्दाम. तुमचं नाव मराठी माणसांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेलं असेल. ते आणखी काही जणांच्या कानावर जावं असं मला मनापासून वाटतं.

पण पहिले आभार १९७१ मधल्या त्या रात्रीबद्दल.

शिकागोच्या ‘क्वाएट नाइट’ क्लबात तेव्हा क्रिस क्रिस्टोफरसन यांचे कार्यक्रम चालू होते आणि त्यांच्या आधी तुम्ही गात होतात. मुख्य गायकाच्या आधी गाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते मी इथल्या लहान क्लबांत पाहिलं आहे. लोक जागा शोधत असतात, प्यायला मागवत असतात, गप्पा रंगलेल्या असतात. तुम्ही उंचीनं लहानखुरे, पण गिटार हातात आली की सगळी खोली तुमच्याकडे वळायची असं तुम्हाला ऐकलेले लोक अजून सांगतात. क्रिस्टोफरसनही वळले. गीतकार म्हणून ते तेव्हा ऐन भरात होते. प्रसिद्ध गायक पॉल अँका यांनीही तुम्हाला ऐकलं. अँका म्हणजे ओळखी, पैसा, न्यूयॉर्कचा रस्ता. तुम्ही २२ वर्षांचे, नावावर एक अल्बम नाही, नुकतंच लग्न झालेलं, आणि १९६९ मध्ये झालेलं ल्युकेमियाचं (रक्ताच्या कर्करोगाचं) निदान पाठीशी. अशा माणसापुढे दार किलकिलं झालं तर त्यानं आधी स्वतः आत शिरावं. त्याला कुणी नावं ठेवणार नाही. तुम्ही त्या दोघांना सांगितलंत की माझा एक मित्र आहे, त्याला ऐकायलाच हवं.

आणि नुसतं सांगून थांबला नाहीत. रात्री उशिरा त्या दोघांना वेल्स स्ट्रीटवरच्या ‘अर्ल ऑफ ओल्ड टाउन’मध्ये घेऊन गेलात. क्लब बंद व्हायला आला होता, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या होत्या, आणि मित्र झोपला होता. त्याला उठवून गायला लावलंत. त्याची गाणी संपली तेव्हा क्रिस्टोफरसन यांनी त्याला तीच गाणी पुन्हा म्हणायला सांगितली. तो मित्र म्हणजे जॉन प्राइन.

पुढचं सगळं भराभर झालं. अँका यांनी तुम्हा दोघांना न्यूयॉर्कची विमानाची तिकिटं दिली. तिथल्या ‘बिटर एंड’ क्लबात क्रिस्टोफरसन यांनी आपल्या कार्यक्रमात प्राइन यांना गायला बोलावलं, श्रोत्यांत अटलांटिक रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचे जेरी वेक्सलर बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी करार झाला. तुमचाही पहिला अल्बम निघाला, क्रिस्टोफरसन आणि नॉर्बर्ट पुटनम यांच्या निर्मितीत. म्हणजे मित्राला पुढे करून तुमचं काही गेलं नाही, हे खरं. पण त्याच्यासाठी शब्द टाकताना ते तुम्हाला कुठे ठाऊक होतं? मला त्या रात्रीचं जे काही अप्रूप आहे ते एवढ्यासाठी.

प्राइन शिकागोलगतच्या मेवुडचे, पेशानं पोस्टमन. पत्रं वाटत फिरताना मनात गाणी जुळवायचे. रॉजर ईबर्ट हे चित्रपट समीक्षक, पण ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांनी ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं होतं. पंचविशीच्या आत या माणसानं एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोवर गाणं लिहिलं, व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकावर लिहिलं, आणि वडिलांच्या गावावर लिहिलं. आमच्या शाहिरांसारखी साधी, सरळ भाषा. बढाई नाही. ही गाणी तुमच्या हट्टामुळे शिकागोबाहेर गेली आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

आता दादाबद्दल.

दादा वीज मंडळात होता. उमेदीची वर्षं चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात काढली, शेवटची एकलहऱ्याला. निवृत्तीनंतर लवकरच त्याच्या रक्ताच्या तपासणीत ल्युकेमिया निघाला. उपचार मुंबईला. वहिनी आणि पुतण्या त्याच्याजवळ, मी इकडे सातासमुद्रापार. रोज फोन व्हायचा आणि रोज तेच बोलणं. रक्तपेशींचे काउंट किती आले, प्लेटलेट चढवल्या का, ताप उतरला का, तोंडाला चव आहे का. दोघं भाऊ होतो ते रिपोर्ट ताडून पाहणारे दोन कारकून होऊन बसलो होतो. धीर द्यावा तर तो माझ्याहून धीराचा, आणि रडावं तर त्याच्यासमोर कसं रडायचं?

एका रविवारी बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी त्याला प्राइन यांच्या ‘पॅरडाइज’ या गाण्यामागची हकिकत सांगायला लागलो. केंटकी राज्यात म्युलनबर्ग काउंटीत ग्रीन नदीच्या काठी पॅरडाइज नावाचं खेडं होतं. प्राइन यांचे आईवडील त्या भागातले, सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जायचे. पीबडी कोळसा कंपनीनं आसपासची जमीन खरवडून उघड्या खाणी केल्या. शेजारी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, आणि १९६७ मध्ये उरलंसुरलं गावही पाडून टाकण्यात आलं. प्राइन यांनी ते गाणं वडिलांसाठी लिहिलं.

दादानं मला तिथेच थांबवलं. प्लांट किती मेगावॉटचा? मी शोधून सांगितलं की तिसरा संच एकटा हजार मेगावॉटच्या वर होता. मग प्रश्नांची रांगच लागली. राख कुठे सोडायचे? नदीत? गाव वाऱ्याच्या कुठल्या बाजूला होतं? गावकऱ्यांना दुसरीकडे जागा दिली की नुसते पैसे? मग चंद्रपूरचे दिवस निघाले: उन्हाळ्यातल्या पाळ्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी, आणि खाणीसाठी उठलेली एक वस्ती, जिथे तो पूर्वी सायकलवर दूध आणायला जायचा. हे त्यानं मला कधीही सांगितलं नव्हतं. ज्या विजेवर आपलं घर चाललं तिच्यासाठी कुणाचं तरी घर गेलं, हे त्याच्या मनात इतकी वर्षं होतं आणि ते बाहेर यायला केंटकीतलं एक गाणं लागलं. त्या दिवशी काउंट विचारायचे राहून गेले.

मग रविवारचा नेमच पडला. मी एक गाणं निवडायचं, त्याला ऐकवायचं, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगायचा, आणि त्यानं त्यावर बोलायचं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थही ऐकायला लागले. हळूहळू दादानं विचारलं, या पोस्टमनला पुढे आणलं कुणी? मी तुमच्याबद्दल सांगितलं. तुमचा आजारही सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, “त्या माणसाबद्दल सगळं सांग.”

म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात जाऊन तुम्ही उपचार घेत होतात आणि परत येऊन कार्यक्रम करत होतात, पण वर्षानुवर्षं श्रोत्यांना याचा पत्ता लागू दिला नाहीत. लोकांनी गाणं ऐकावं, रुग्ण पाहू नये, असंच तुमच्या मनात असणार असं मला वाटतं. दादाला हे लगेच पटलं. भेटायला येणारे सगळे त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायचे तिचा त्याला वीट आला होता. १९८२ नंतर आजार उलटला, तेव्हा मात्र तुम्ही तो लपवला नाहीत. केमोनं केस गेले तर १९८३ मध्ये ‘रेड पजामाज’ या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका कंपनीतर्फे ‘आर्टिस्टिक हेअर’ नावाचा अल्बम काढलात आणि त्याच नावाच्या केशकर्तनालयासमोर केसांविना उभं राहून मुखपृष्ठासाठी फोटो काढून घेतलात. दादानं ते चित्र व्हॉट्सॲपवर मागवून घेतलं, वॉर्डभर दाखवलं, आणि टोपी काढून ठेवली ती कायमची. या एका चित्रासाठी वहिनीनं तुम्हाला वेगळे आभार कळवायला सांगितले आहेत.

‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ हे तुमचं गाणं तर आमच्या घरी आता सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या पत्नी नॅन्सी यांच्या आजीला भेटायला तुम्ही दोघं इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या त्याच नावाच्या गाडीनं निघालात आणि त्या प्रवासात ते सुचलं. खिडकीतून जे दिसलं ते टिपलंत, आणि मोडकळीला आलेल्या रेल्वेचं सगळं दुःख त्यात आलं. गायक आर्लो गथ्री यांना तुम्ही ते ऐकवायला गेलात तर त्यांनी तुम्हाला अट घातली की एक बिअर पाज, ती संपेपर्यंत ऐकतो. १९७२ मध्ये त्यांनी ते गायलं आणि देशभर गाजलं. फ्रेंचमध्ये जो दासॅं यांनी गायलं, डचमध्ये आणि हिब्रूतही त्या चालीवर गाणी झाली. १९८४ मध्ये विली नेल्सन यांनी गायलेलं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ग्रॅमी मिळालं ते तुम्ही गेल्यावर. ती गाडी अजून धावते. मी तिनं गेलो आहे. पण तुमची गाडी दिवसाची होती, आताची शिकागोहून रात्री सुटते, त्यामुळे तुम्ही गाण्यात दाखवलेली इलिनॉयची शेतं अंधारात निघून जातात. त्याचं मला फार वाईट वाटलं. मी डब्यात बसून तुमचं गाणंच ऐकलं आणि गाण्यात येणाऱ्या कँककी गावापासून पुढचं सगळं त्यातूनच पाहिलं.

तुम्हा दोघांच्या मैत्रीतला एक किस्सा दादाला सगळ्यात आवडतो. कंट्री गाण्यांची थट्टा करणारं एक गाणं तुम्ही दोघांनी मिळून लिहिलंत, पण प्राइन यांनी त्यावर आपलं नाव घालू दिलं नाही. १९७५ मध्ये डेव्हिड ॲलन को यांनी ते गाजवलं आणि पैसे तुमच्याकडे आले. तुम्ही त्यातून मित्राला एक ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) घेऊन दिलात. कागदावर नाव नसलं तरी वाटा विसरला नाहीत. पुढे १९७८ मध्ये प्राइन यांच्या अल्बमचं काम अडलं, तेव्हा निर्माता म्हणून तुम्हीच उभे राहिलात आणि ‘ब्रूज्ड ऑरेंज’ पूर्ण करून दिलात. माझ्या मते प्राइन यांचं ते सर्वांत मोकळं, सर्वांत स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे. गायकाच्या आवाजापुढे एकही वाद्य येत नाही. स्वतः इतका तयारीचा गिटारवादक असून हात आवरता आला, हे तुमचं मोठेपण.

शिकागोत तुमचं नाव आता बेसबॉलमुळे अधिक घेतलं जातं. कब्ज संघासाठी तुम्ही १९८४ मध्ये लिहिलेलं गाणं संघ जिंकला की रिग्ली फील्ड या त्याच्या मैदानावर सगळे उभं राहून म्हणतात. १९४५ नंतर पहिल्यांदा कब्ज प्लेऑफमध्ये (विजेतेपदासाठीच्या शेवटच्या फेऱ्यांत) पोचले ते तुम्ही गेल्यावर अवघ्या चार दिवसांनी. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी ते विश्वविजेते झाले, त्या वेळी लाखोंनी तुमचं गाणं म्हटलं. २०१० मध्ये मैदानापासून जवळच्या पोस्ट ऑफिसला तुमचं नाव दिलं गेलं. एका पोस्टमनला जगापुढे आणणाऱ्या माणसाचं नाव पोस्टालाच मिळालं हे ऐकून दादा टाळी वाजवून हसला.

प्राइन तुमच्यानंतर ३५ वर्षं गायले. १९९८ मध्ये त्यांच्या मानेतून कर्करोगाची गाठ काढली, आवाज खरखरीत आणि खोल झाला, तरी त्याच आवाजात त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तुमच्या आठवणीसाठी ‘सूव्हनियर्स’ हे आपलं गाणं म्हणत राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये पॅरडाइजच्या केंद्रातला कोळशावरचा शेवटचा संच बंद झाला आणि ७ एप्रिलला नॅशव्हिलमध्ये कोविडनं प्राइन गेले. त्या रात्री मी दादाला फोन केला. तिकडे सकाळ होती. घरातलं माणूस गेल्यासारखे आम्ही बोललो.

दादा बरा आहे. तपासण्या चालू असतात, पण रविवारचा नेम मोडलेला नाही आणि आता गाणी तोच निवडतो. वडील गेल्यावर तुम्ही लिहिलेलं ‘माय ओल्ड मॅन’ मात्र मी अजून त्याला सांगितलेलं नाही. आमचे आप्पा गेले तेव्हा मी वेळेत पोचू शकलो नव्हतो, आणि ते सगळं दादानं एकट्यानं निभावलं. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुढच्या उन्हाळ्यात तो इकडे येईल. ते गाणं तेव्हा, समोरासमोर.

तुमचे, नॅन्सी यांचे आणि तुमच्या मुलींचे आम्हा सगळ्यांकडून मनःपूर्वक आभार.

आपला,
नाशिकचा एक श्रोता, सध्या शिकागो