विषय: हायपरव्हायजरला न पेलणारी प्रोसेसर फीचर्स व्हर्च्युअल मशीनला दाखवण्याबाबत, आणि तुमच्या सपोर्टच्या उत्तरांबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवलाय, त्यामुळं नमस्कार-चमत्कार राहू द्या.

तुमच्या हायपरव्हायजरच्या, म्हणजे एका कॉम्प्युटरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कन्सोलची नवी आवृत्ती टाकल्यापासून आमच्या लातूरच्या ऑफिसातली लिनक्स व्हर्च्युअल मशीन्स बूट होतानाच 'इनव्हॅलिड ऑपकोड' (ही इन्स्ट्रक्शन चालत नाही) म्हणत कोसळतात. ऐन सोयाबीनच्या हंगामात. आडत्यांच्या पट्ट्या याच मशीन्सवर निघतात.

कारण लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय. तुमचा कन्सोल चिपची फीचर यादी जशीच्या तशी उचलून सीपीयूआयडीतून (प्रोसेसरला काय येतं ते सांगणारी इन्स्ट्रक्शन) गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, देतो. त्या यादीत इनव्हीपीसीआयडी ही इन्स्ट्रक्शन आहे. इंटेलनं ती 2013 साली हॅसवेलमध्ये आणली, आमच्या चिपमध्येही आहे. पण गेस्टमध्ये ती चालायला हायपरव्हायजरनं व्हीएमएक्सचा (इंटेल चिपमधली व्हर्च्युअल मशीन्सची सोय) एक कंट्रोल बिट चालू करावा लागतो, आणि तुमचा हायपरव्हायजर तो करत नाही. गेस्टचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिचारा यादीवर विश्वास ठेवतो, टीएलबी (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा चिपमधला साठा) साफ करायला तीच इन्स्ट्रक्शन वापरतो आणि मरतो. गोदामात माल आहे म्हणून गाडी भरल्याची पावती फाडायची, असला हा कारभार. चिपला काय येतं आणि हायपरव्हायजरला काय पेलतं, यातलं दोन्हीकडं असेल तेवढंच गेस्टला दाखवायचं असतं. केव्हीएम हा लिनक्समधला हायपरव्हायजर, त्याला विचारलं की तो स्वतःला पेलणारी यादी देतो. केव्हीएमवर मशीन्स चालवणाऱ्या क्यूएमयू या प्रोग्रामला 'एन्फोर्स' सांगितलं तर न पेलणारं फीचर मागणारं मशीन ते सुरूच करत नाही.

हे सगळं मी तुमच्या 'सीनियर' इंजिनिअरला सांगितलं. त्यांचा प्रश्न: "सर, प्रोसेसरमध्ये फीचर आहे ना?" म्हटलं, आहे. "मग प्रॉब्लेम कुठंय?" म्हटलं, तुमच्या हायपरव्हायजरमध्ये. "पण प्रोसेसरमध्ये तर आहे ना सर?" हे गोल गोल बराच वेळ चाललं. मग त्यांनी विचारलं, "लातूर म्हणजे ते रेल्वेनं पाणी आणलेलं ना? तिकडं लाइट जात असेल, त्यानं होत असेल." मागं कुणीतरी हसलं, तेही ऐकू आलं. साहेब, 2016 ला मिरजेहून पाणी आलं, खरंय. लाइटही जाते, म्हणून तर यूपीएस आहे. पण लाइट गेली की अख्खं मशीन बंद पडतं. दरवेळी नेमकी एकच इन्स्ट्रक्शन निवडून बंद पाडणारी लाइट महावितरणनं अजून तरी आमच्याकडं सोडलेली नाही.

शेवटी मीच प्रत्येक गेस्टच्या बूट ओळीत 'नोइनव्हीपीसीआयडी' (ती इन्स्ट्रक्शन वापरू नको) घातलं आणि मशीन्स उठवली. तर तुमच्याकडून मेल: 'समस्या सुटली, तिकीट बंद.' समस्या सुटलेली नाही. कन्सोल आजही खोटी यादी देतो. या यादीतलं पुढचं कुठलं फीचर घात करेल हे मी रोज कर्नल पाडून शोधत बसू का?

तुमचं सॉफ्टवेअर मीच इथल्या दोन-चार व्यापाऱ्यांच्या गळी उतरवलं होतं. आता ते मला विचारतात, आणि लाइटीचं कारण त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तिकीट पुन्हा उघडा. यादी हायपरव्हायजरच्या क्षमतेनं गाळून देणारी दुरुस्ती कधी येणार, ती तारीख लेखी कळवा. उत्तर हायपरव्हायजर म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाकडून यावं. तोवर वार्षिक देखभालीचे पैसे भरणार नाही. दिवाळीपर्यंत तारीख आली नाही तर सगळी मशीन्स केव्हीएमवर जातील आणि तुम्हाला वकिलाची नोटीस येईल. तिच्यासोबत कर्नलचा लॉग जोडतो, आणि त्या फोनचं रेकॉर्डिंगही.

आपला, अजून तरी, ग्राहक
लातूर