रशियाच्या आर्क्टिक समुद्रात आपली माणसे पाठवताना : केंद्रीय जहाजवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : रशियाच्या आर्क्टिक विकास धोरणातील भारताचा सहभाग आणि त्याच्या अटी.

महोदय,

डिसेंबर 2025 मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या दिल्ली भेटीत आपल्या मंत्रालयाने रशियाच्या वाहतूक मंत्रालयाशी एक सामंजस्य करार केला. ध्रुवीय समुद्रात चालणाऱ्या जहाजांसाठी प्रशिक्षित माणसे तयार करणे हा त्याचा विषय. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये उत्तर सागरी मार्गासंबंधीच्या (रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या जलमार्गासंबंधीच्या) संयुक्त कार्यगटाची पहिली बैठक दिल्लीत झाली होती. भारतीय तरुणांना यात नवी संधी आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या धोरणासाठी ही माणसे हवी आहेत ते रशियाने स्वतःच्या गरजेपोटी आखलेले आहे, आणि त्या गरजेच्या बदल्यात आपण काय मागितले ते कुठेच जाहीर झालेले नाही. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये उभा जन्म काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस या नात्याने मी हे लिहीत आहे.

26 ऑक्टोबर 2020 रोजी हुकूम काढून रशियाने 2035 पर्यंतचे आर्क्टिक क्षेत्र विकास धोरण मंजूर केले. तो दस्तऐवज मुळातून वाचावा असा आहे, कारण त्यात बढायांइतक्याच कबुल्याही आहेत. देशातला 80 टक्क्यांहून अधिक नैसर्गिक वायू या पट्ट्यातून येतो, हे त्यात अभिमानाने नोंदवले आहे. आणि तिथली लोकसंख्या घटते आहे, दळणवळण अपुरे आहे, तापमान जगाच्या सरासरीपेक्षा दोन ते अडीच पट वेगाने वाढते आहे, हेही त्यातच लिहिले आहे. उत्तर सागरी मार्गावरची मालवाहतूक 2019 मध्ये 3 कोटी 15 लाख टन होती. ती 2024 पर्यंत 8 कोटी आणि 2035 पर्यंत 13 कोटी टनांवर न्यायची, असे उद्दिष्ट ठरले. 2024 संपले तेव्हा आकडा 3 कोटी 80 लाख टनांच्या आसपास होता, म्हणजे ठरवल्याच्या निम्माही नाही. त्यातही या टोकाकडून त्या टोकाकडे गेलेला माल जेमतेम 30 लाख टन. बाकीचा बहुतेक रशियाचाच वायू, तेल, खनिजे आणि तिथल्या वस्त्यांना लागणारा पुरवठा.

ही तूट का पडली हे आपण जाणताच. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर पाश्चात्त्य भांडवल आणि तंत्रज्ञान रशियातून निघून गेले, बर्फात चालणाऱ्या वायुवाहू जहाजांचे काही करार दक्षिण कोरियातील गोदीने रद्द केले, आणि आर्क्टिक एलएनजी-2 हा द्रवरूप नैसर्गिक वायूचा मोठा प्रकल्प नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकी निर्बंधांखाली आला. रशियाला आज माल हवा आहे, जहाजे हवी आहेत आणि ती चालवणारी माणसे हवी आहेत. या तिन्हींसाठी दार ठोठावता येईल असे देश फार थोडे आहेत. तेव्हा वाटाघाटीत आपण उपकृत पक्षासारखे बसण्याचे कारण नाही. समोर बसते ती रोसाटॉम, म्हणजे त्यांचे अणुऊर्जा महामंडळ. मार्गाचा कारभार आणि अणुशक्तीवरच्या आइसब्रेकरांचा, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजांचा, ताफा दोन्ही तिच्याच हातात आहेत. आपला सौदा काय आणि कशाचा, हे तिला पक्के ठाऊक असणार.

मार्ग म्हणून पाहिले तर भारताला त्याचा लाभ मर्यादित आहे, हेही एकदा सरकारी कागदावर स्पष्ट यावे. योकोहामाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाचे अंतर या वाटेने सुमारे एक तृतीयांशाने घटते. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला निघालेल्या जहाजाने मात्र मलाक्का ओलांडून, जपानच्या पुढे बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वळसा घालावा, असे कोणताही कॅप्टन सुचवणार नाही. आपल्यासाठी हा मार्ग मुख्यतः रशियाचे तेल, वायू आणि कोळसा आणण्याचा आहे, आणि आपल्या खलाशांच्या नोकरीचा.

त्या नोकरीविषयी मला अधिक बोलायचे आहे. जानेवारी 2017 पासून ध्रुवीय संहिता, म्हणजे ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू आहे आणि तिच्यानुसार विशेष प्रशिक्षणाची सक्ती आहे ती कॅप्टन, चीफ मेट आणि डेकवर वॉच ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना. इंजिनरूममधल्या माणसांना तशी सक्ती नाही. ज्याने हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रात इंजिन सांभाळले आहे, त्याला यातली उणीव लगेच कळेल. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या सी-चेस्टमध्ये बर्फाचा लगदा बसतो, गाळण्या तुंबतात, कूलिंगचे पाणी तुटते, आणि बाहेर रक्त गोठवणारी थंडी असताना आत इंजिन तापून बंद पडायच्या बेताला येते. वाफ सोडून बर्फ वितळवायचा, की बॅलास्टच्या (जहाजाचा तोल राखणाऱ्या) टाकीतले पाणी फिरवून वेळ मारून न्यायची, हे काही मिनिटांत ठरवावे लागते. वर डेकवर उडणारे तुषार रेलिंगवर, विंचवर, लाइफबोटीच्या हुकावर गोठत जातात. तो थर लाकडी हातोड्यांनी फोडत राहावे लागते, कारण वरचे वजन वाढले की जहाजाचा तोल बिघडतो. हे वर्गातल्या सिम्युलेटरवर अर्धेच शिकता येते. म्हणून प्रशिक्षणात इंजिन आणि डेकवरच्या साध्या खलाशांचाही समावेश असावा, आणि प्रत्यक्ष बर्फातल्या सेवेशिवाय सर्टिफिकेट मिळू नये, हे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने आपल्या नियमांत लिहावे.

जहाजाचा दर्जा हा दुसरा प्रश्न. नोव्हेंबर 2021 मध्ये समुद्र नेहमीपेक्षा लवकर गोठला आणि या मार्गावर वीसेक जहाजे अडकून पडली. त्यानंतरही, 2023 च्या हंगामात, बर्फासाठी मजबूत न केलेल्या तेलवाहू जहाजांना परवाने दिले गेले. अशा जहाजावर भारतीय सीडीसीधारकाची (खलाशाचे अधिकृत सेवापुस्तक असलेल्याची) नेमणूक होऊ नये, अशी अट करारात आहे का? आर्क्टिक एलएनजी-2 शी संबंध जोडून भारतात नोंदलेल्या जहाज कंपन्यांवरही अमेरिकेने निर्बंध घातले आहेत. निर्बंधांखालील जहाजाचा विमा संशयास्पद, मालक अदृश्य आणि झेंडा दर सहा महिन्यांनी बदलणारा. पगार थकला की अशा जहाजावरच्या माणसाने कोणाकडे जायचे? 2024 मध्ये मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती, आणि त्यांतली बरीच माणसे उबदार बंदरांत अडकली होती. पेवेक किंवा साबेटा या रशियाच्या आर्क्टिक बंदरांत अडकलेल्याचे काय होईल, याची कल्पना आपल्या अधिकाऱ्यांनी आधीच करून ठेवावी.

पैशाच्या बाबतीत आपण एकदा पोळलेलो आहोत. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेल्या वांकोर तेलक्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा 49.9 टक्के हिस्सा आहे. त्यात मुंबईच्या भारत पेट्रोलियमची उपकंपनीही आली. 2022 नंतर या गुंतवणुकीवरचा कोट्यवधी डॉलरचा लाभांश रशियन बँकांत अडकून पडला. नव्या भागीदारीची भाषा करताना आधीच्या भागीदारीचा हिशेब टेबलावर असावा, एवढेच.

ज्या जमिनीवर हे सारे उभे राहत आहे, तिच्याकडेही पाहावे लागेल. 29 मे 2020 रोजी सैबेरियातल्या नोरिल्स्क शहराजवळ वीजकेंद्राची टाकी फुटून सुमारे 21,000 टन डिझेल नदीत आणि मातीत गेले. वीजकेंद्राच्या मालक कंपनीला 146 अब्ज रुबल भरावे लागले. 2016 च्या उन्हाळ्यात यामाल या आर्क्टिकमधल्या द्वीपकल्पावर अँथ्रॅक्सची साथ उसळली, दोन हजारांहून अधिक रेनडिअर दगावले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्याच यामालवर नेनेट्स हे तिथले मूळ रहिवासी आपले कळप घेऊन ऋतूनुसार स्थलांतर करतात, आणि त्यांच्या वाटा आता वायुप्रकल्पांचे रस्ते आणि रेल्वे ओलांडून जातात. धोरणात या लोकांसाठी परिच्छेद आहेत. पण प्रकल्पांना नकार देण्याचा अधिकार त्यांना किती, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. आपण तिथे भागीदार होणार असू, तर हा प्रश्न रशियाचा अंतर्गत मामला म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आता मागणीचे. साबेटा बंदराकडे जाणारी जहाजे कारा समुद्रातून जातात. वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, याच कारा समुद्रातील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यात दुवा असण्याची शक्यता मांडली आहे. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली जाणे म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्याला सांगावे लागत नाही. आपले ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक संशोधन केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या नी-ओलेसुंडला आहे आणि तिथल्या फ्योर्डमध्ये (अरुंद, खोल खाडीत) 2014 पासून आपली निरीक्षण यंत्रणा आहे. रशियाच्या बाजूच्या आर्क्टिकमध्ये आपले असे काहीच नाही. 2022 नंतर तिकडच्या निरीक्षणांची वाट जगालाही अरुंद झाली आहे. आपण खलाशी देणार असू, माल देणार असू, तर त्या बदल्यात कारा समुद्रातील बर्फाची आणि हवामानाची निरीक्षणे नियमित मिळावीत आणि आपल्या संशोधकांना तिथे यंत्रे बसवू द्यावीत, ही मागणी कार्यगटात लेखी ठेवावी. भारताच्या 2022 च्या आर्क्टिक धोरणात विज्ञान आणि दळणवळण असे दोन्ही विषय आहेत, पण एक पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आणि दुसरा आपल्याकडे. दोन मंत्रालयांनी एकाच टेबलावर बसण्यासाठी रशियाची परवानगी लागत नाही.

सामंजस्य कराराचा मजकूर आणि कार्यगटाच्या बैठकांची इतिवृत्ते पुढील बैठकीपूर्वी मंत्रालयाने प्रसिद्ध करावीत, आणि पहिली तुकडी रवाना होण्याआधी खलाशांच्या संघटनांना चर्चेला बोलवावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर, रत्नागिरी

प्रत माहितीसाठी : मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री, नवी दिल्ली.