एकशे अडतीस ओळींची यादी

पुणे

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो, वर ट्यूबलाइटची रेघ, पण वाचता आलं. कॉम्प्युटर तपासणाऱ्या स्कॅनरने दाखवलेलं ‘१३८ धोके सापडले’ हे लाल अक्षरांत वाचून तू हबकलास यात नवल नाही. सगळं पुसून फॉरमॅट मारू का, कॉम्प्युटरवाला दीड हजार मागतोय, असं विचारतोस. नको मारूस. निदान एवढ्यासाठी तरी नको.

त्या १३८ ओळी म्हणजे १३८ व्हायरस नव्हेत. एखादा फडतूस प्रोग्रॅम बसला की तो स्वतःचं फोल्डर करतो, त्यात पंधरा-वीस फायली टाकतो, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, नोंदी करतो, डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो, आणि टास्क शेड्यूलरमध्ये रोज स्वतःला उठवायची व्यवस्था लावून घेतो. स्कॅनर यातली एकेक गोष्ट वेगळी मोजतो. नावं पाहत गेलो तर जवळजवळ सगळ्या ओळी तिघांच्याच आहेत: पीडीएफ जोडणारं ते फुकट टूल, त्याच्यासोबत आलेलं, ब्राउझरला चिकटलेलं सर्चचं एक्स्टेन्शन आणि एक ‘ड्रायव्हर अपडेटर’. हा तिसरा तू सोसायटीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत होतास तेव्हा आला असणार. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात असते, तिच्या पानावर मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण असतं, आणि प्रिंटर कंपनीची खरी साइट बिचारी खाली कुठेतरी.

आता तुझा प्रश्न, की अँटिव्हायरस इतके दिवस गप्प का होता. कारण या मंडळींकडे तुझी संमती आहे. इन्स्टॉल करताना एका पडद्यावर ‘सोबत हेही घ्या’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि चौकोनात टिक आधीच केलेली असते. हे फक्त भुरटे लोक करत होते असंही नाही. जावा या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरबरोबर ब्राउझरला चिकटणारा आस्क टूलबार कित्येक वर्षं असाच यायचा, आणि तो देणारी कंपनी होती ओरॅकल. त्यामुळे अँटिव्हायरसवाले यांना थेट व्हायरस म्हणायला कचरतात. म्हणाले की खटले होतात. २०१६ साली मालवेअरबाइट्स या स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने एनिग्मा नावाच्या कंपनीची सॉफ्टवेअर अशाच नको असलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीत टाकली. एनिग्माचा स्पायहंटर हा स्वतःच सफाई करणारा प्रोग्रॅम, म्हणजे प्रतिस्पर्धी! एनिग्मा अमेरिकेत कोर्टात गेली. २०१९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की धंद्यातल्या चुरशीपोटी कुणाला अडवलं असेल, तर असं अडवणाऱ्याला कायद्याचं जे संरक्षण मिळतं ते मिळणार नाही. म्हणून मग स्कॅनर फक्त यादी दाखवतो आणि काढायचं की ठेवायचं हे तुझ्यावर सोडतो.

हा आकड्यांचा धाक दोन्हीकडून चालतो, हे मात्र लक्षात ठेव. तुझा ड्रायव्हर अपडेटरसुद्धा ‘इतके ड्रायव्हर जुने, पैसे भरा’ असंच ओरडत होता ना? फुकट तपासायचं, भीती घालायची आणि दुरुस्तीसाठी पैसे मागायचे, अशा प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८ पासून नको असलेल्यांत धरायला सुरुवात केली. पण प्रामाणिक स्कॅनरही शेवटी ‘प्रीमियम घ्या’ म्हणतोच. साफसफाईला फुकट आवृत्ती पुरते, तू काही घेऊ नकोस.

आधी सोसायटीचे हिशेब, नोटिसा, फोटो पेनड्राइव्हवर घे. फक्त तुझ्या फायली घे, इन्स्टॉल करायचे सेटअप नकोत. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लाव. पीडीएफचं टूल ज्या दिवशी आलं त्याच दिवशी आणखी कोण कोण आलं ते लगेच दिसेल. त्यांना तिथूनच अनइन्स्टॉल कर. स्कॅनर नंतर चालव. उलट केलंस तर स्कॅनर फायली उचलतो, अनइन्स्टॉल करणारी फाइलही त्यातच जाते, आणि यादीत नुसतं नाव लटकत राहतं. अनइन्स्टॉल करताना बटणं नीट वाच. ‘ठेवा’ हे ठळक निळं असतं आणि ‘तरीही काढा’ फिकट राखाडी. एखादा अर्ध्या किमतीची ऑफरही देईल.

मग स्कॅन करून सगळं क्वारंटाइनमध्ये टाक आणि रीस्टार्ट कर. क्वारंटाइनमधली गोष्ट चालू शकत नाही, पण परत आणता येते. चार-आठ दिवस सगळं नीट चाललं की मग पुसून टाक.

खरी चिकाटी ब्राउझरमध्ये असते. अनेकांचा अनुभव असा की काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्याचं मोठं कारण सिंक, म्हणजे ब्राउझरची जुळणी खात्यावर साठवून पुन्हा उतरवणं. क्रोममध्ये तू आपल्या खात्याने लॉगिन आहेस, त्यामुळे एक्स्टेन्शन तुझ्या खात्यावरही नोंदलेलं आहे. स्कॅनरने फाइल उडवली तरी गूगल ते इमानेइतबारे परत आणून देतं. म्हणून आधी सिंक बंद कर, मग एक्स्टेन्शन काढ, सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान बदल. मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसलं तर तू काही ऑफिसात बसलेला नाहीस, तेव्हा कुणीतरी पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर लादलेला नियम, घुसवली आहे असं धर. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून दिसलं तर मला फोटो पाठव. टास्क शेड्यूलरही उघडून बघ. त्यात अगम्य नावाचं, दर तासाला चालणारं काही असेल तर त्याचाही फोटो. वहिनींना कोपऱ्यात ज्या ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात’ अशा खिडक्या दिसतात, त्या बहुधा व्हायरसच्या नाहीतच. कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे. साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढून टाक.

पूर्ण पडदा लाल करून फोन नंबर देणारं पान आलं तर तो नंबर अजिबात फिरवायचा नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. घरात कुणी फोन करून पैसे घालवून बसलंच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवायचं.

त्या एक्स्टेन्शनला सगळ्या साइटवरची माहिती वाचायची परवानगी होती, हे तुझ्या तिसऱ्या फोटोत दिसतंय. तू त्याच ब्राउझरवरून सोसायटीचं बँक खातं बघतोस. तेव्हा बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मोबाइलवरून बदल, या कॉम्प्युटरवरून नको. हे काम मात्र आजच कर, बाकीचं सावकाश चालेल.

आणि तळाशी ‘हॅकटूल’ आणि ‘केएमएस’ अशी जी ओळ आहे, तिचं वेगळं आहे. ती विंडोज लायसन्सशिवाय चालू करण्याच्या टूलची. तुझ्या दीड हजारवाल्याची करामत, दुसऱ्या कुणाची असणार? तो म्हणेल, ते काढू नका, अँटिव्हायरसला अपवाद म्हणून सांगा. त्याचं ऐकू नकोस. असल्या टूलबरोबर आणखी काय आलं हे कुणी सांगू शकत नाही. ही ओळ ट्रोजन, म्हणजे साळसूद रूपात घुसलेला घातक प्रोग्रॅम, निघाली तर मात्र फॉरमॅटचा विचार करू, आणि तेव्हा लायसन्सचं विंडोज टाकू. खर्च सोसायटीच्या माथी मारायचा की नाही ते तुझं तू ठरव.

सगळं झालं की विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ उघड, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’. तिथे नको असलेली ॲप्स अडवायचं बटण आहे, ते चालू कर. २०२० पासून ही सोय घरच्या विंडोजमध्ये तिथे दिसते. पीडीएफ जोडायला पुन्हा काही शोधायला जाऊ नकोस, मी माझ्याकडचं पाठवतो.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून फोन कर, टास्क शेड्यूलर आपण मिळूनच बघू. पाण्याच्या टाकीचं भांडण कुठवर आलं तेही तेव्हाच सांग, फोनवर आवाज चढवलास तरी चालेल.

तुझा,
अविनाश