लोहाच्या गोळ्या गावात आहेत. गाडीभाडं आणि रक्त हवं आहे

समस्त ग्रामस्थ आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी यांना ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सप्रेम नमस्कार.

दाभोळ खाडीच्या काठच्या आपल्या वाड्यांमध्ये गरोदर बायकांचं रक्त तपासलं की हिमोग्लोबिनचा आकडा कमी येतो. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर हे दर बैठकीत सांगतात. घरात मात्र त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. ‘रक्त ८ आलंय’ म्हटलं की सासूबाई म्हणतात, ‘आमच्यात सगळ्यांचं तेवढंच असतं.’ खरंही असेल ते. म्हणून तर या बायकांना तपासणीला आणि उपचाराला जाता यावं यासाठी ही वर्गणी मागायची वेळ आली.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, १० च्या खाली मध्यम आणि ७ च्या खाली गेलं की जिवाला धोका. पोटात बाळ वाढत असताना बाईच्या रक्तातलं पाणी झपाट्याने वाढतं, तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत. त्यात बाळ आपल्या वाट्याचं लोह आईकडूनच घेतं. मुळात साठा कमी असलेली बाई मग चढणीवर दम लागून बसते, हात-पाय गळतात, कुणाकुणाला राख किंवा भाजलेली माती खावीशी वाटते. त्याला आपण डोहाळे म्हणून हसतो. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं होऊ शकतं. आणि बाळंतपणात जेवढा रक्तस्राव धडधाकट बाई सोसते, तेवढाच हिला झेपत नाही.

हे फक्त आपल्या गावाचं दुखणं नाही. जगात तिघी गरोदर बायकांमागे एकीहून जास्तींना रक्तक्षय आहे आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्याच देशांतल्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला देशातल्या ५०.४ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, २०१९-२१ ला तो ५२.२ टक्के निघाला. म्हणजे गोळ्या फुकट मिळत असताना आकडा उलट थोडा चढला.

गोळ्या खरोखर मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, फॉलिक ॲसिडसह, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. जंताची गोळीही मिळते. लावणीत अनवाणी चिखलात उभं राहणाऱ्या बाईला ती हवीच, कारण अंकुशकृमी (हूकवर्म) तळपायातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. पण लाल गोळीने मळमळतं, पोट धरतं, शौच काळं होतं. मग कुणीतरी सांगतं, बाळ काळं होईल. दुसरी सांगते, बाळ मोठं होऊन अडेल. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. शौच काळं होणं हा गोळीचा नेहमीचा परिणाम, त्याने काही बिघडत नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. वर लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा असला तर लोह अंगी लागतं. उन्हाळ्यात आपण काजूबिया काढून बोंडू टाकून देतो, त्यातही भरपूर क जीवनसत्त्व असतं.

काही सज्जन दरवर्षी टॉनिकच्या बाटल्या आणि फळांच्या टोपल्या देतात, फोटोही निघतात. त्यांचे आभार; यंदा मात्र तेच पैसे दुसरीकडे लावू. टाकळा, शेवगा, तांबडा माठ, कुळथाची पिठी, तिसऱ्या, जवळा हे सगळं आपल्या दारात आहे. अडचण एवढीच की घरची गरोदर सून सगळ्यांच्या मागून जेवते आणि तोवर टोपात नुसता रस्सा उरलेला असतो. त्यासाठी वर्गणी लागत नाही.

वर्गणी लागते ती जाण्यायेण्याला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. बाळंतपणाला न्यायला सरकारी गाडी आहे. तपासणीला मात्र वाडीतून फाट्यापर्यंत चालायचं, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असलं तर साकवाच्या छोट्या पुलावरून वळसा घालायचा आणि एसटी चुकली की स्पेशल रिक्षा. गोळ्यांनी रक्त चढत नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. तेही फुकट, पण अनेकदा एकदा देऊन भागत नाही. थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा जावं लागतं. काजूच्या कारखान्यातली किंवा मासळी सुकवणारी बाई तितक्या रोजांवर पाणी कसं सोडणार? दुसऱ्या फेरीलाच उपचार तुटतो. म्हणून समिती रिक्षाचं भाडं आणि तिचा बुडालेला रोज, दोन्ही देणार आहे. पैसे उरले तर वाडीतच रक्त तपासता यावं म्हणून हिमोग्लोबिन मीटरच्या पट्ट्या घेऊ.

दुसरी मागणी बाळंतपणात लागणाऱ्या रक्ताची. विसर्जनानंतरच्या रविवारी प्राथमिक शाळेत रक्तदान शिबिर आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. (या शेवटच्या अटीवर किती बायका परत जातात ते शिबिरात येऊन बघाच.) साठवलेलं रक्त महिना-सव्वा महिना टिकतं, त्यामुळे एका शिबिराने वर्ष निघत नाही. चिपळूण, गुहागर, दापोली भागात राहणाऱ्यांनी रक्तगटासह नाव रक्तदात्यांच्या यादीत द्यावं. पुरुषांना दर तीन आणि बायकांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं.

मुंबईला असलेल्या नवऱ्यांना एक सांगणं. रोज रात्री फोन करताच, ‘जेवलीस का’च्या पाठोपाठ ‘गोळी घेतलीस का’ हेही विचारा.

देणगी समितीच्या बँक खात्यातच भरावी, रोख रक्कम कुणाच्या हाती देऊ नये. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. पावती मागून घ्या. पै-पैचा हिशेब २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचला जाईल. लाभ घेतलेल्या बायकांची नावं मात्र कुठेही वाचली जाणार नाहीत. शिबिराला येताना पोटभर जेवून या, उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त घेत नाहीत.