थार घ्यायची तर घे, पण बर्फाचं नाव सांगू नकोस

मोहाली, १२ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

तुझा निरोप ऐकला. मागून वहिनींचा आवाज येत होता, "आधी किंमत सांगा त्यांना!" फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय. निवांत वाच, आणि वहिनींनाही वाचायला दे, कारण निकाल त्यांच्या बाजूने लागणार आहे.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून गाडीने मनाली, पुढे अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधलं सिस्सू, आणि त्यासाठी चांगली चालती नेक्सॉन विकून फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकं ओढणारी, थार किंवा जिम्नी, असा तुझा बेत. माझं उत्तर: नको. हौस म्हणून घ्यायची असेल तर तो वेगळा विषय, त्यावर शेवटी बोलू. पण बर्फात जायचंय म्हणून फोर बाय फोर हवीच, हे मला पटत नाही. लग्नानंतर दर हिवाळ्यात कुलूला सासुरवाडीला जाणं होतं, तेव्हा हे नुसतं यूट्यूब पाहून बोलत नाहीये.

मुळात इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चार, याने गाडी पुढे कशी सरकते तेवढंच ठरतं. थांबायला लागतात ते ब्रेक, आणि ते अल्टोलाही चारी चाकांना असतात नि थारलाही. आता जरा गणित कर, तू आमच्या बॅचचा फिजिक्सवाला. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ च्या आसपास, गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर ०.२, आणि गोठलेल्या पाण्याच्या पातळ थरावर ०.१ धर. ताशी ४० च्या वेगात ब्रेक मारलास तर डांबरावर ९ मीटरमध्ये थांबशील, बर्फावर ३१ मीटर लागतील आणि त्या थरावर ६३. ब्रेकवर पाय जाईपर्यंत जे अंतर कापलं जातं ते यात धरलेलंच नाही. या सूत्रात किती चाकं ओढतात हा आकडा कुठेच येत नाही. वजनही येत नाही; "थार जड आहे, रस्त्याला चिकटून राहते" हे तुला शोरूमवाल्याने सांगितलं असेल, ते तिथेच सोडून दे.

उलट चढावर फोर बाय फोर इतकी आरामात चढते की रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. साधी गाडी पहिल्याच बर्फाळ चढावर चाकं जागच्या जागी फिरवून दाखवते, माणूस खाली उतरतो, दोन शिव्या देतो आणि परत फिरतो. फोर बाय फोरवाला पार वर पोचतो. मग त्याला तोच रस्ता उतरायचा असतो.

तिच्या बाजूनेही बोलायला हवं. फोर लो मध्ये (चारी चाकं ओढणारा, सगळ्यात संथ गिअर) टाकून गाडी उतारावर सोडली की इंजिनाचा अटकाव चारी चाकांवर सारखा वाटला जातो. तुझ्या गाडीत तो फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो, त्यामुळे उतारावर पुढची चाकं घसरून स्टिअरिंग न ऐकायची भीती जास्त. हा फायदा खरा आहे, उतारावर तो जाणवतो. नुकताच पडलेला, कुणी न दाबलेला वीतभर बर्फ असेल तर तिथेही फोर बाय फोरला पर्याय नाही. पण रस्त्यावर काच झाली असेल तर चारी चाकं मिळून घसरतात, एवढंच.

थार बघायला जाशील तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. जानेवारी २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला डिट्टो तीच, आणि लाखांनी स्वस्त, त्यामुळे मोह होतो. बर्फावर ती तुझ्या नेक्सॉनपेक्षा डावी. नेक्सॉनमध्ये इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. या थारमध्ये ओढणारी चाकं मागे आणि वजन पुढे, मग शेपूट हलणारच. मनालीत मी असे "थारवाले" पाहिलेत ज्यांना आपल्या गाडीची किती चाकं ओढतात हे पोलिसाने थांबवल्यावर कळलं.

आणि खरी फोर बाय फोर घेतलीस तरी ती कायम फोर बाय फोर नसते. थार काय, जिम्नी काय, दोन्हींत वेगळी लिव्हर आहे. ती कोरड्या डांबरावर टाकायची नसते, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असले की सगळा पीळ गिअरांवर येतो. बर्फावर चाक थोडं घसरून तो पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. आता डिसेंबरातला मनालीजवळच्या सोलंगच्या पुढचा रस्ता कसा असतो ऐक: उन्हातला कोरडा पट्टा, मग देवदारांच्या सावलीतलं एक गोठलेलं वळण, पुन्हा कोरडा पट्टा. बाहेरून आलेला माणूस लिव्हरला हात लावायचं विसरतो, आणि लाखो रुपयांची ती सोय नेमक्या त्याच वळणावर बंद असते.

शिवाय पुण्याहून सिस्सूपर्यंत दोन हजारांच्या आसपास किलोमीटर. त्यातला बर्फाचा रस्ता किती? सोलंगपासून सिस्सूपर्यंत तीसेक किलोमीटर, आणि त्यातले ९.०२ किलोमीटर तर बोगद्याच्या आत, कोरडे. ३ ऑक्टोबर २०२० ला बोगदा खुला झाला आणि रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड चढायची वाचली, तेव्हापासून सगळा देश सिस्सूला जायला निघालाय. पण बोगद्याची तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत, आणि बाहेर पडल्या पडल्या उजेडाने डोळे दिपतात तेव्हाच चाकाखाली बर्फ येतो. बोगद्यातला वेग बाहेर आणू नकोस.

मग कशाने काम भागतं? टायरने. सात अंशांच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, रस्ता धरत नाही. युरोपात, अमेरिकेत यासाठी हिवाळी टायर बसवतात: मऊ रबर, बारीक चिरा, बाजूला डोंगरात हिमकण असं चिन्ह. तिथे राहणाऱ्याला मी डोळे मिटून सांगेन, दोनच चाकं ओढणारी साधी गाडी घे आणि उरलेल्या पैशांत चांगले हिवाळी टायर घे. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत आणि दहा दिवसांसाठी परवडतही नाहीत. म्हणून इथे स्नो चेन, टायरवर चढवायची साखळी. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते, पण बर्फात निदान चार तरी हवी. तुझे टायर मी गणपतीत पाहिले होते, गोटा व्हायला आलेत. ते बदल. बेतातला खरा खर्च तोच, आणि तो तुला तसाही करायचाच आहे.

चेन पुढच्या चाकांना लावायची, कारण तुझी गाडी पुढची चाकं ओढतात. घातल्यावर तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, डांबर लागलं की काढायची, नाहीतर तुटून चाकाच्या कमानीत फटके देते. आणि कृपा करून पहिल्यांदा ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघ. उणे तापमानात, हातमोजे काढून, मागे वीस गाड्या हॉर्न देत असताना शिकायची ती गोष्ट नाही. मनालीत रस्त्याकडेला भाड्याने चेन देणारे, लावून देणारे भेटतात, पण माप चुकीचं निघालं तर चेन असून नसल्यासारखी.

माझा मेहुणा अल्टो चालवतो. सगळ्या हिमाचलात बघशील तर अल्टोच अल्टो. हलकी, अरुंद, अडकली तर चौघं मिळून ढकलतात. त्याला विचारलं तर एकच सांगतो, "जीजाजी, गाड़ी मत देखो, टाइम देखो." सकाळी दहाच्या आत निघायचं नाही, ऊन रस्त्यावर येऊ द्यायचं. दुपारी तीनला परत फिरायचं, सिस्सू बघून झालेलं असो वा नसो. दुपारभर वितळलेलं पाणी ऊन गेलं की रस्त्यावरच गोठतं, आणि ते डांबराच्याच रंगाचं दिसतं, ओला रस्ता वाटतो. ओहोळ आडवा जातो ती जागा, पूल, सावलीतलं वळण: तिथे ओलं दिसलं की गोठलेलंच समज. तुम्हा घाटावरच्या ड्रायव्हरांना ताम्हिणीतल्या पावसाची सवय असते, ओल्या रस्त्याला कोण घाबरतो! इथे घाबर.

बाकी घाटातली सवय कामी येईल. उतारावर दुसरा गिअर, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. निघतानाही पहिल्याऐवजी दुसऱ्यात, क्लच हळू सोडून, म्हणजे चाक फिरत नाही. एबीएस आहे, ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी सोय, पायाखाली खडखड झाली तरी पाय काढू नकोस, पंपही करू नकोस. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेव की मध्ये दिल्लीवाला घुसेल. घुसू दे. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नकोस, आखडून बसतो. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. (सकाळी तो दगड उचलून बाजूला टाक. रस्त्याच्या मधोमध दगड टाकून जाणाऱ्यांना मी मनातल्या मनात फार बोलतो.) वायपरच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते गोठेल, कूलंटही तपासून घे. तुझी डिझेल आहे, त्याचंही एक: कडक थंडीत डिझेलमधलं मेण साकळतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं डिझेल काढलं ते उगाच नाही. तुम्ही मुक्काम मनालीतच ठेवा. सिस्सूची रात्र या खेपेला नको.

आता पोलिसांचं. बर्फ पडला की नेहरू कुंड किंवा सोलंगला नाका लागतो. कधी चेनवाल्या गाड्या सोडतात, कधी फक्त फोर बाय फोर, आणि फार पडला तर कुणालाच नाही. काश्मीरला गुलमर्गसाठी तंगमर्गला हेच चालतं. म्हणजे एखाद्या दिवशी तुझी नेक्सॉन अडवतील हे खरं. तेव्हा गाडी तिथे लाव, स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी कर आणि खिडकीतून फोटो काढ. भाव ऐकून तुझा जीव वर-खाली होईल, पण थारच्या हप्त्यांपुढे तो किरकोळ. आणि तो ड्रायव्हर रोज त्याच वळणांवरून जातो, हे कुठल्याही गाडीसोबत विकत मिळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या, बातम्यांत पाहिलं असशील. त्यांत फोर बाय फोर नव्हत्या असं समजू नकोस. पुढची साधी गाडी आडवी झाली की मागची कितीही चाकांची असली तरी रांगेतच. म्हणून गाडीत पांघरुणं, पाणी, खाणं, एक फावडं ठेव. आणि अडकलास तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नकोस. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. आधी उतरून तोंड मोकळं कर, काच बोटभर उघडी ठेव, इंजिन थोडा वेळच चालव. बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल, हे नको.

फोर बाय फोर कुणाला लागते? हिवाळ्यात स्पितीतल्या काझाला जाणाऱ्याला. बर्फ काढणारं यंत्र जिथे दोन-दोन दिवस पोचत नाही अशा गावात राहणाऱ्या डॉक्टरला, शिक्षकाला. सफरचंदाच्या बागेपर्यंत कच्चा चढ असलेल्याला. त्यांनी ती घ्यावी, आणि तीही चेनसकट. आणि ज्याला आवडते त्याने घ्यावी! तुला ती गाडी कॉलेजपासून आवडते, तेव्हा ती जिप्सी होती एवढाच फरक. मग वहिनींना सरळ तसं सांग ना. पावसाळ्यात मावळात चिखल तुडव, हौस फेड, मी शेजारी बसायला येईन. मात्र पुढारी होऊ नकोस. २०२३ च्या नाताळात एका शहाण्याने ट्रॅफिक टाळायला थार थेट चंद्रा नदीत घातली होती, पोलिसांनी चलान फाडलं.

तर असं कर. टायरच्या बाजूवर आकडे असतात, त्याचा फोटो पाठव, मी चंडीगढमध्ये त्या मापाची चेन बघून ठेवतो. गाडीच्या पुस्तकात चेनबद्दल काय लिहिलंय तेही वाच, काही टायरांना कमानीत तेवढी जागा नसते. निघायच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज पाहा. पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात इथे बर्फ आणणारी हवा) येतोय म्हणाले तर मोहालीत आमच्याकडेच थांबा, तो जाऊ द्या, रस्ता साफ झाला की निघू. मेहुणाही येईल म्हणतो, त्याच्या अल्टोच्या मागे मागे तू. त्याला बाकरवडी फार आवडते, दोन किलो आण, आणि त्यातली एक किलो आमच्या घरी उतरव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सत्या