हद्दवाढीच्या भागात पादचाऱ्यांना वाट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्याच्या हद्दवाढीनंतर, म्हणजे २०२० नंतर, शाहूपुरी, गोडोली, विलासपूर या भागांतील पाणी, गटारे आणि रस्त्यांवर पुष्कळ बोलले गेले. परंतु तेथे माणसाने पायी कसे वावरावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो मांडण्यासाठी हे पत्र.

मी शनिवार पेठेत राहणारी, अडुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मला वाहन चालवता येत नाही आणि त्यावाचून आजवर माझे अडलेले नाही. कारण दूध, भाजी, गिरणी, औषधे आणि नगरवाचनालय हे सारे पायी जाण्याच्या अंतरात आहे, आणि वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला उतरायला बोळ आहेत. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा हा चढउतार ती माझ्याकडून न मोजता करून घेतो. पण मला त्याहून मोठा वाटतो तो शेजार. यजमान गेल्यानंतर मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही, तर तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्यांनी दळणाचा डबा घरी पाठवला आणि निरोप दिला, "बाई, बऱ्या आहात ना?" रोज पायी जाणारे माणूस दिसले नाही, की ते कोणाच्या तरी लक्षात येते.

माझा मुलगा हद्दवाढीच्या भागात राहतो. तेथे महिनाभर राहिले तेव्हा कोथिंबिरीची जुडी आणायलाही कोणीतरी गाडी काढण्याची वाट पाहावी लागत असे. दुकान दूर नव्हते. परंतु पदपथ नव्हता, कडेचे गटार उघडे होते, आणि बंगल्यांच्या सलग भिंतींमुळे मागच्या गल्लीत जायलाही मोठा वळसा पडत होता. अकरा वर्षांचा नातू शिकवणीलाही एकटा जाऊ शकत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

पेठांतही सारे आलबेल नाही. संध्याकाळी राजपथावर उभ्या केलेल्या दुचाकींमधून वाट काढताना जीव मुठीत धरावा लागतो. मात्र त्यासाठी भाजीवाल्यांना उठवावे, असे मी कदापि म्हणणार नाही. त्या बायका कोपऱ्यावर बसतात, म्हणूनच चालत जाऊन भाजी मिळते.

पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मार्गदर्शन आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. आपल्या नगरपालिकेनेही तसे करावे. नव्या वसाहतींच्या अभिन्यासांना (लेआउटना) मंजुरी देताना दोन गल्ल्यांना जोडणारा बोळ सोडणे बंधनकारक करावे, आणि हद्दवाढीच्या भागात यापुढे होणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकात पदपथ व झाकलेले गटार यांचा खर्च आधीच धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक ज्येष्ठ नागरिक, शनिवार पेठ, सातारा